वाल सोलता सोलता परत आलेल्या ताई

मंडळी, आज माझं चुकलं. ज्यांच्या बाबतीत चुकलं, त्या ताईंना विचारूनच लिहितेय.

मी कर्जतला समुपदेशन करते. पन्नाशीच्या एक ताई लहानपणीचा वाईट प्रसंग सांगायला आल्या होत्या. मी म्हटलं, "डोळे मिटा आणि पहिल्यापासून सांगा." इथेच चुकलं. दोन वाक्यांत त्यांचा आवाज विरला. डोळे उघडले, पण कुठेच बघेनात. हात गार. ताई खुर्चीत होत्या, पण तिथे नव्हत्या.

माझी आत्या अशीच हरवायची. सत्तरच्या दशकात आम्ही कडावला राहायचो. लोक म्हणायचे, "झपाटलंय तिला." आई मात्र भिजवलेले वाल तिच्यापुढे ठेवून स्वतःही सोलायला बसायची आणि तिला नावानं हाक मारून सांगायची, "माले, कडाव हाय हे. आज बुधवार हाय. मी हाय गं इथं."

माझ्या पिशवीत सकाळी बाजारातून घेतलेले मोडाचे वाल होते. तेच वाटीत काढले. एक दाणा ताईंच्या हातात दिला, एक मी घेतला. गाव सांगितलं, वार सांगितला. हळूहळू त्यांची बोटं चालू लागली.

"आले हो मी," त्या म्हणाल्या. "पन ते आज नको."

"नको तर नको."

उरलेला वेळ आम्ही वालच सोलले.

आत्याचं काय झालं होतं, मला अजून माहीत नाही. आईनं ते कधी विचारलंच नाही. ती दर वेळी एवढंच विचारायची, "आलीस का गं?"

तुमच्या घरी हे कोण विचारायचं?