बिनचिपची चावी

मंडळी, या ग्रुपवरचे अनुभव माझी सून घरात मोठ्यानं वाचायची आणि मी तिला गप्प करायचो. रिकामटेकड्यांचं लिखाण आहे म्हणायचो. जिन, भूत, भानामती... बहात्तर वर्षांत एकावरही माझा विश्वास बसला नाही. कधी ताईत बांधला नाही, कुणाकडून फुंकर घालून घेतली नाही. कुलूप उघडत नसेल तर आत काहीतरी अडकलेलं असतं, एवढंच मला कळतं. आणि आज मीच लिहायला बसलोय. शाळा तिसरीपर्यंत झालीय, मोबाईलवर एका बोटानं लिहितोय. ज्यांना चुका काढायच्या त्यांनी खुशाल काढाव्यात.

मी कोल्हापूरचा. आम्ही शिकलगार — धार लावायची, कुलपं दुरुस्त करायची, चाव्या करायच्या, हेच घराण्याचं काम. बिंदू चौकाच्या बाजूला पन्नास वर्षं माझी टपरी आहे. चावी हरवलेली तिजोरी मी नुसती कानानं ऐकून उघडलेली आहे. बढाई नाही, कोल्हापुरात जुनी माणसं अजून सांगतील.

पण आताच्या गाड्यांच्या चाव्या म्हणजे वेगळं प्रकरण. वाचणाऱ्याला पुढचं कळावं म्हणून सांगतो. चावीच्या प्लास्टिकमध्ये तूरडाळीच्या दाण्याएवढी एक चिप असते. चावी फिरवली की गाडी त्या चिपला ओळखते, मगच इंजिन चालू राहतं. बिनचिपची चावी तंतोतंत कापून दिली तर दार उघडतं, चावी फिरते, इंजिन एकदा धरतं... आणि दोन सेकंदांत बंद. समोर चावीच्या चित्राचा लाल दिवा लुकलुकत राहतो. गाडीला नव्या चिपची ओळख करून द्यायला मशीन लागतं, लॅपटॉप लागतो, इंग्रजी यावं लागतं. मला ते येत नाही. सरळ लिहितो, येत नाही.

माझ्या मुलानं, सलीमनं, जुनी गाडी घेतली तेव्हा तिची एकच चावी मिळाली होती. तो म्हणाला, वाजिदकडं जाऊन दुसरी करून घेतो. हा वाजिद एकेकाळी माझ्याकडून कोऱ्या चाव्या विकत न्यायचा. आता त्याचं काचेचं दुकान आहे, मशीन आहे, आणि एकदा चार माणसांत तो मला म्हणालेला, चाचा, तुमचा जमाना गेला. त्याच्या दुकानात माझ्या घरच्या गाडीची चावी? मी सलीमला सांगितलं, मी मेल्यावर कर. सहा महिने तो विषय काढायचा आणि मी उडवून लावायचो.

शेवटी मीच एक चावी कापली. बिनचिपची. बाजारात मिळतं तसलं बटणांचं कव्हर बसवलं, दिसायला अगदी कंपनीची. चावी गाडीत राहून दार लॉक झालं तर उघडायला उपयोगी, म्हणून मुमताजच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, पिशवीत ठेवली. सलीमला म्हटलं, केली बघ दुसरी. त्याला वाटलं मी कुठूनतरी चिप घालून आणली. मी खोटं बोललो नाही... पण खरं काय तेही सांगितलं नाही.

गेल्या पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, आम्ही तिघं चंदगड तालुक्यात रेश्माकडं गेलतो. रेश्मा माझी मुलगी. तिचं घर गावापासून दोन किलोमीटर आत, काजूच्या बागेत. फोनला रेंज नाही. त्या दिवशी जावई मोटरसायकल घेऊन बेळगावला गेलेला. जेवण झाल्यावर सलीम खालच्या ओढ्यावर हातपाय धुवायला गेला आणि थोड्या वेळानं हसत परत आला. खाली वाकला तशी शर्टाच्या खिशातली चावी पाण्यात पडली होती.

"अब्बा, चावी गेली. बरं झालं तुमी दुसरी केलीया," म्हणाला.

त्या वेळी सांगायला पाहिजे होतं. माणूस गावात पाठवता आला असता, गाडी बघून ठेवता आली असती. मी काय केलं? उलट त्यालाच झापलं. म्हटलं, असली चावी अशी मिळत न्हाय, आधी जाऊन शोध जा. तो गेला.

साडेतीन वाजले असतील. मुमताज पडवीच्या मागं रचलेल्या जळणातनं लाकडं काढायला गेली आणि तिला फुरसं चावलं. रेश्मानं डोळ्यांनी बघितलं, फुरसंच होतं. घोट्याच्या वर दोन टिपके. मुमताज ओरडली नाही. खाली बसली आणि म्हणाली, मला काय तरी चावलंय.

तालुक्याचा सरकारी दवाखाना अठरा किलोमीटर. रेश्मा सलीमला हाक मारत ओढ्याकडं पळाली. मी मुमताजच्या पिशवीतनं ती चावी घेतली आणि गाडीत जाऊन बसलो. मला माहीत होतं की लागणार नाही. तरी फिरवली. इंजिननं धरलं... एक, दोन... बंद. लाल दिवा लुकलुकतोय. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा स्टेरिंगवर डोकं टेकवून फिरवली. बंद. जुन्या स्कूटरची वायर जोडून चालू करणारा मी, त्या गाडीत नुसता बसून राहिलो. ढकलूनही चालू होत नाही असली गाडी. शेवटी चावी काढून मुठीत धरली.

एवढ्यात सलीम आईला उचलून घेऊन आला. ओला चिंब. ओढ्यातली चावी मिळाली नव्हती. तिला मागं रेश्माच्या मांडीवर निजवलं. पाय गुडघ्यापर्यंत सुजत चालला होता. मी बाजूच्या सीटवर सरकलो. सलीमनं हात पुढं केला.

"द्या चावी. ही चालती न्हवं?"

मंडळी, त्या क्षणाला मी काय सांगणार होतो? तुझ्या आईच्या जिवाची चावी मी हट्टापायी केली नाही म्हणून?

"चालती. लाव," म्हटलं.

त्यानं फिरवली. इंजिननं धरलं. मी मनात मोजलं, एक, दोन. तीन. चार... चालूच. लाल दिवा एकदा लागला आणि विझला, चिपची चावी असल्यावर विझतो तसा. सलीमनं गियर टाकला आणि निघाला. त्याला त्यात काहीच नवल वाटलं नाही.

अठरा किलोमीटर मी रस्ता बघितला नाही. नुसता तो दिवा बघत होतो. मागं मुमताजला उलट्या होत होत्या, रेश्मा रडत तिला बोलतं ठेवत होती, आणि मी दिव्याकडं बघत जे काय तोंडाला येईल ते म्हणत होतो. कलमा म्हणत होतो, शिव्या पण देत होतो. खड्ड्यात गाडी आपटली की वाटायचं, संपलं. दवाखान्याच्या दारात सलीमनं चावी काढली आणि आईला घेऊन आत पळाला. इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून अर्धा तास गेला असता तर अवघड होतं.

तासाभरानं गाडी दारातनं बाजूला घ्यायला सांगितलं. सलीमनं चावी फिरवली. इंजिननं धरलं आणि दोन सेकंदांत बंद. दहादा झालं. तो माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, ओली झाली असंल.

दुसऱ्या दिवशी सलीमनं वाजिदला कोल्हापुरातनं बोलावलं. मी अडवलं नाही. कुठल्या तोंडानं अडवू? त्यानं मशीन लावलं. गाडीत एकाच चावीची नोंद होती, ओढ्यात पडलेल्या. मग त्यानं माझी चावी उघडली. चिप बसायची जागा मोकळी, कोरी करकरीत.

"चाचा, ह्यात चिपच न्हाय की," तो हळूच म्हणाला. मग सलीमला विचारलं, गाडी दोरी लावून ओढत आणलीसा काय?

सलीम म्हणाला, मी स्वतः चालवत आणली, ह्याच चावीनं.

वाजिदनं सगळं तपासलं. वायर तुटली नव्हती, कुणी काही उचकटलं नव्हतं. त्याला वाटलं, जुनी चावी गाडीतच कुठंतरी पडली असणार. सीटखाली, पायपुसण्याखाली, सगळीकडं बघितलं. आणि तिसऱ्या दिवशी ओढ्याचं पाणी उतरल्यावर जावयाला ती चावी मिळाली, मुळांत अडकलेली. अठरा किलोमीटर लांब. तिथली चिप इथल्या गाडीला ओळख कशी देणार? वाजिद आदल्या दिवशीच मशीन गुंडाळता गुंडाळता एवढंच बोलला होता, चाचा, मला न्हाय सांगता येणार. टोमणा मारला असता तरी मी ऐकून घेतलं असतं. मारला नाही.

सलीम माझ्याशी चार दिवस बोलला नाही. बरोबरच आहे.

मुमताज सहाव्या दिवशी उठून बसली. पाय काळानिळा होता, पण वाचली. मी मोसंबी सोलत बसलो होतो, सगळं कबूल करावं म्हणून. एक सोलली, दुसरी घेतली. शेवटी तीच म्हणाली,

"मला ठाव हुतं, त्या चावीत चिप न्हाय. तुमी घरात कव्हर लावताना मी बाजूलाच भाकरी थापत हुतो की."

मी म्हटलं, मग गाडीत का नाही बोललीस? मी सलीमला चालती म्हणून सांगितलं ते ऐकलं होतंस न्हवं?

"ऐकलं की. लई राग आला तुमचा." मग मोसंबीची फोड तोंडात टाकली. "पर मी बोललो असतो तर सलीमनं चावी फिरवली असती व्हय?"

मी खाली पडलेली सालं गोळा करायला लागलो.

ती चावी मी अजून बाजूला ठेवलेली आहे. कितीदा लावून बघितली, सलीमच्या हातून, मुमताजच्या हातून, वाजिदच्या हातून. दोन सेकंद, बंद. तुमच्यात कुणी मोटारीचा इंजिनियर असेल, मौलवी असेल, कोण असेल त्यानं सांगावं. मी ऐकून घेईन. पण एक त्यालाही विचारणार आहे... तीच चावी, तीच गाडी, पाच मिनिटं आधी मी तीनदा फिरवली. तिचा नवरा मी. माझ्या हातून का नाही लागली?