कानसेनाची रेकॉर्ड

स्टुडिओत आमच्या दादाला सगळे कानसेन म्हणायचे आणि तोही ते नाव मिरवायचा. लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायचा, "घोरणारी मिळाली तर माझ्या कानांचं काय?" घ्या! आता सत्तरीत त्याच्या वाट्याला काय, तर भिंतभर रेकॉर्डी आणि अधूनमधून डोकं खायला येणारी धाकटी बहीण, म्हणजे मी.

पंचविशीत त्याने एका पॉप अल्बमचं ध्वनिमुद्रण केलं होतं. घराघरांत वाजला तो. यंदा कंपनीने मूळ टेपवरून आवाज नव्याने साफसूफ करून तो पुन्हा रेकॉर्डवर काढायचं ठरवलं. दादा हट्टालाच पेटला. "ते पोर माझं आहे. दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार नाही."

टेप ऐकून तो हळहळला. झांजांची चमक गेली, गायिकेचा श्वासही ऐकू येत नाही म्हणाला. मग वरचे बारीक आवाज वाढवत सुटला. स्टुडिओतल्यांना ते खटकत होतं, पण कानसेनाला सांगणार कोण?

नमुन्याची रेकॉर्ड आली तेव्हा तो मलाही सोबत घेऊन गेला. सुई टेकली आणि अगं आई गं! गायिकेचा एकेक 'स' सुईसारखा कानात घुसत होता. कंपनीच्या बाईंनी कपाळ धरलं. दादा मात्र डोळे मिटून डोलत होता. "अस्संच होतं!" म्हणाला, आणि डोळे उघडून बघतो तर कुणीच त्याच्याकडे बघत नव्हतं.

बाई हळूच म्हणाल्या, "काका, एकदा कान तपासून घ्या ना."

टेपला काहीच झालं नव्हतं. बारीक आवाज दादाच्याच कानांतून गेले होते, वयाने. काम दुसऱ्याकडे गेलं. अल्बम निघाला, वाहवा झाली. दादाने तो एकदाच लावला. "उशीखालून गातेय," म्हणाला आणि ठेवून दिला.

काल गेले तर तो नमुन्याची रेकॉर्ड पुसत बसला होता. माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण काल मी चक्क गोड बोलले. शेजारी बसले. म्हटलं, "लाव. छानच वाजते ती."

"खोटं बोलायला कधी शिकलीस गं?" तो हसला. उठून कपाटातून कापूस काढला, दोन बोळे केले आणि माझ्या हातावर ठेवले.

"घाल कानात," म्हणाला. "पण बस थोडा वेळ. एकट्याने ऐकायचा कंटाळा आलाय."