तबेला चालतो, बोंबील नाही

परदेशात, बुकित पंजांगमधल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटच्या करारात एक अट होती: लाइट कुकिंग ओन्ली. म्हणजे पाणी उकळा, नूडल्स घाला, फार तर अंडं. फोडणी नाही, तळण नाही. एजंटने ती वाचून दाखवली तेव्हा मी मान डोलावली, कारण मान डोलावणं हा माझा मूळ व्यवसाय. इंजिनिअरिंग नंतर आलं.

एका रविवारी बायकोने सुके बोंबील भाजले. खिडक्या लावून, दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबून. तरी वास लिफ्टपर्यंत गेला, आणि तिथून थेट घरमालकाच्या फोनवर. घरमालक निवृत्त गृहस्थ; आम्ही त्यांना अंकल म्हणायचो. करार संपत आला होता. पुढचं विचार करून सांगतो, असं ते म्हणाले. मुलीची शाळा रस्त्यापलीकडे. घर गेलं की शाळाही लांब जाणार.

अंकलना फ्रेंच वाइनचं वेड. अधूनमधून ते चार माणसं घरी बोलावून चव घ्यायला बसवत. मी निर्लज्जपणे आमंत्रण मागून घेतलं. तयारी म्हणून काचेच्या ग्लासात कोकम सरबत गोल फिरवायचा सराव केला. बनियन अजून गुलाबी आहे. निघताना बायको म्हणाली, "तोंड उघडायचं ते फक्त प्यायला. कळलं?"

पहिली ल्वार खोऱ्यातली पांढरी वाइन. मला कैरीची साल लागली, नुकतंच कापलेलं गवत लागलं, आणि मी स्वतःवरच खूश झालो. अंकलनी ग्लासात नाक बुडवलं आणि म्हणाले, मांजराची शू. तक्रार नव्हती ती, कौतुक होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या, सगळ्यात जोरात मी. दुसरी बर्गंडीची लाल. आमसुलाच्या पाण्यासारखी हलकी, आंबूस, आणि खरं सांगतो, फार सुंदर. तिच्यात अंकलना कुजलेली पानं आणि जंगलातली ओली माती सापडली. मी म्हटलं, वा.

तिसरी ऱ्होनची. गडद. आधी पिकलं करवंद, मागून मिरी, मग जिभेला कच्च्या जांभळाचा तुरटपणा. अंकलनी डोळे मिटले. "तबेला," ते म्हणाले. "घामेजलेलं खोगीर. धुरावलेला मासा." घोट गिळल्यावर चव किती रेंगाळते त्याला फिनिश म्हणतात, जितकी रेंगाळेल तितकी वाइन थोर, हेही त्यांनी समजावलं.

माझ्या डोक्यात सणक गेली. घोड्याचा घाम या माणसाला दिवाणखान्यात चालतो, आणि चार बोंबील चालत नाहीत? माझी बायको भाडं भरलेल्या घरात चोरासारखी स्वयंपाक करते, आणि मी इथे मांजराच्या मुताला वा म्हणतोय.

तुला कसला वास येतो, असं अंकलनी मला विचारलं.

"अंकल, या बाटलीला तुम्ही तुमचा फ्लॅट भाड्याने द्याल?"

कोणी हसलं नाही. अंकल शांतपणे, इथल्या हेलाच्या इंग्रजीत म्हणाले, "बॉटल डोन्ट कुक, लाह."

दोन दिवसांनी एजंटचा मेसेज आला: करार वाढवणार नाही. तिकडे काय बोललास, बायकोने विचारलं. मी सांगितलं. मला वाटलं आता माझी शंभरी भरली. पण ती म्हणाली, "हे सही करताना बोलायचं होतंस." मग डब्यातले उरलेले सगळे बोंबील काढले आणि झाडून साऱ्या खिडक्या उघडून भाजले. त्या दिवशी आम्ही वर्षभरात पहिल्यांदा नीट जेवलो. मुलगी आता दोन गाड्या बदलून शाळेत जाते आणि त्याबद्दल माझ्याशी धड बोलत नाही.

चावी द्यायच्या दिवशी अंकल आले. पडद्याचं टोक नाकाशी धरलं, डोळे मिटले, अगदी वाइनच्या त्या बैठकीत मिटले होते तसे.

"हळद," ते म्हणाले. "लसूण. हिंग. ड्राय फिश."

एकही चुकलं नाही. नाक खरोखरच अव्वल होतं त्यांचं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

"आणि फिनिश, अंकल?"

त्यांनी पुन्हा एकदा हुंगलं. "लाँग," ते गंभीरपणे म्हणाले. "व्हेरी लाँग."

आणि एजंटकडे वळून, पडद्यांचा खर्च आमच्या डिपॉझिटमधून कापायला सांगितला.