आंधी आली आणि मी झाडाखाली थांबायला सांगितलं

मंडळी, नवऱ्याच्या बदलीच्या अर्जात चिपळूण खोडून जयपूर मीच लिहायला लावलं होतं. पुराची कटकट नको म्हणून!

आज प्रताप नगरातून स्कूटरवर येताना धुळीची आंधी आली. मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, झाडाखाली घ्या." पूर्वी चिपळूणला होतो तेव्हा पावसात आम्ही तेच करायचो.

समोरचा पाणीपुरीवाला ओरडत धावत आला, "मॅडमजी, पेड के नीचे मत रुको!" त्याने आम्हाला स्कूटरसकट बाहेर ढकललं आणि फांदी त्याच्याच पायावर कोसळली. हाड बाहेर आलं होतं.

त्याला हॉस्पिटलात पोचवून घरी आलो. हे म्हणाले, "स्कूटरला साधा ओरखडाही नाही."

खरं सांगते, मला बरं वाटलं. तुम्हाला नसतं वाटलं?