मामाच्या फळ्यावरचा नवा स्टड

माझ्या मामाच्या गॅरेजात भिंतीवर एक फळा आहे आणि त्यावर तारेने बांधलेले मोडके स्टड, म्हणजे बिनडोक्याचे बोल्ट, लटकतात. इंजिनच्या केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, गंजून बसलेला आणि कुणीतरी जोर करून मोडलेला स्टड, आटे न बिघडवता काढून देणं ही मामाची खासियत. काढलेला तुकडा तो गिऱ्हाइकाला देत नाही. फळ्यावर लटकवतो आणि खाली मामीच्या सुरेख अक्षरात मोडणाऱ्याचा गुन्हा चिकटवतो. "कंपाउंडर. उलटा फिरवला." "हेडमास्तर. ऐकलं नाही." खालच्या रांगेत माझाही आहे. "भाचा. ताकद आहे." पुढचं मामीने दया करून लिहिलं नाही.

सगळ्यात वर, रस्त्यावरून दिसेल असा, समोरच्या वेल्डरचा. "वेल्डर. पाइप लावला." म्हणजे पान्याला लांब पाइप अडकवून जोर केला. मामाच्या लेखी याहून मोठं पाप नाही. वेल्डर पाच वर्षं आपल्या दुकानातून रोज ती पाटी वाचतोय.

परवा मी माझ्या स्कूटरचं इंजिन घेऊन गेलो. एक स्टड हलत नव्हता. मामाने तेल सोडलं आणि प्रवचन लावलं, "आज तेल, उद्या हात. घाई केली की संपलं." तेवढ्यात वेल्डर डोकावला.

"उद्या? पूर्वी तासाभरात काढायचास. वय झालं रे!" एवढं बोलून तो गेला.

मामाचे कान लाल झाले. त्याने टेबलाखाली हात घातला आणि पाइप काढला. मी नुसतं "अरे मामा" म्हणेपर्यंत कट् आवाज झाला. अर्धा स्टड पान्यात, अर्धा केसमध्ये. मामाची बोटं सोलवटली ती वेगळीच.

वर जेमतेम दोन आटे उरले होते. पकडीने धरले तर तेही गुळगुळीत झाले. आता त्यावर नट वेल्ड करून फिरवणं हा एकच मार्ग होता, आणि गल्लीत वेल्डर एकच होता.

"जा, बोलाव त्याला," मामा भिंतीकडे बघत म्हणाला. "आणि सांग, तू मोडलास."

"मी? फळ्यावर दुसऱ्यांदा?"

"तुला काय फरक पडतो? तू आहेसच तिथे."

असा संताप आला मला! पण मामा रडवेला दिसत होता. तीस वर्षं गावाला शहाणपण शिकवलेला माणूस. गेलो मी.

वेल्डर आला. त्याने आधी केस बघितली, मग पाइप, मग मामाची बोटं.

"पाइप तू लावलास?" त्याने मला विचारलं.

"हो," मी म्हणालो.

त्याने उरलेल्या तुकड्यावर नट बसवून वेल्ड मारला. लाली उतरेपर्यंत थांबला, अगदी मामा शिकवतो तसाच. मग पाना लावून थोडा पुढे, थोडा मागे केला. स्टड गुमान बाहेर आला.

गॅरेजामागच्या घरातून मामी पेन आणि कागद घेऊन हजर. "कोणाचं लिहू?"

मी तोंड उघडणार, तोच वेल्डर म्हणाला, "माझंच लिहा, वहिनी. वय काढलं मी त्याचं, म्हणून झालं हे."

म्हणजे याला सगळं कळलं होतं. मामाने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मला त्याची फार दया आली आणि थोडी मजाही वाटली.

"माझं लिही," मामा म्हणाला. "मी मोडला."

मामीने लगेच लिहिलं. लग्नापासून तिने नवऱ्याला ज्या एका नावाने हाक मारली, तेच लिहिलं. "अहो. पाइप लावला."

मामा स्टुलावर चढला आणि वेल्डरचा स्टड सोडवायला लागला.

"राहू दे तो," वेल्डर खालून म्हणाला. "तुझा शेजारी लाव. पाच वर्षं एकटाच आहे मी वरच्या रांगेत."

मामाने शेजारी लावला. तार बांधायला त्याला बराच वेळ लागला, आणि उतरताना तो आमच्याकडे पाठ करूनच उतरला.