एकट्याला औषध नाही

सबाचा फोन आला तेव्हा मी अंजूर फाट्यावर रिक्षात अडकले होते. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, आणि मी तिच्या आईला, नसरीनला, भेटायला ठाण्याच्या हॉस्पिटलात निघालेली. "मावशी, अम्मी गेली..." सबा एवढंच म्हणाली. मी रिक्षातून उतरले आणि चालायला लागले. ठाणं तिथून चालत गाठण्यासारखं नाही हे कळत होतं, पण बसवेना. इतके आठवडे झाले तरी तसंच आहे. पेपर उघडते आणि मिटते. चहा गॅसवर ठेवून गॅलरीत जाऊन उभी राहते. नुसतं दुःख असतं तर एका जागी बसून रडले असते. पण हा राग आहे आणि तो नसरीनवरच आहे. सगळं आयुष्य भिवंडीतल्या लोकांची कातडी तपासण्यात घालवलेली ही डॉक्टर, पायाच्या दोन बोटांमधल्या चिरेनं गेली.

आम्ही कॉलेजात एका बाकावर बसायचो. ती कोकणी मुसलमान, उर्दू शाळेतून आलेली. "घरात कोकणी, बाजारात हिंदी, आणि तुझ्याशी भांडायला मराठी," असं म्हणायची. पुढे ती डॉक्टर झाली, मी शाळेत शिक्षिका. लग्न होऊन ती लूमवाल्यांच्या, यंत्रमागवाल्यांच्या घरात गेली. दवाखाना सासरच्याच इमारतीत तळमजल्यावर, आणि मागच्या बाजूला इक्बालभाईंचे, तिच्या नवऱ्याचे, लूम. त्या खडखडाटात बोलून बोलून तिचा आवाज कायमचा चढलेला. शिफ्ट संपवून घामानं ओले झालेले कामगार यायचे, त्यांच्या बायका यायच्या. नायटा, खरूज, गळवं, पावसाळ्यात पायांच्या बेचक्यांत चिखल्या. ठाण्याला दवाखाना टाक, असं सगळे सांगायचे. ती म्हणायची, "तिकडे लोक स्वतःहून दाखवतात. इथे लाजेपायी झाकतात. मला ओढून बघावं लागतं." आणि तपासताना पहिला प्रश्न ठरलेला, घरात आणखी कोणाकोणाला खाजतं? कोणालाच नाही, असं उत्तर आलं की चिडायची. "एकट्याला औषध नाही. सगळ्यांना घेऊन ये."

हे माझ्या घरीही घडलं. एका उन्हाळ्यात कमरेला, परकराच्या नाडीखाली, चट्टे उठले. मेडिकलमधून एक ट्यूब आणली. लावली की दोन दिवस बरं वाटायचं, बंद केली की चट्टा आणखी पसरलेला. मग मुलीच्या मांडीवर उठलं, ह्यांच्या पाठीवर उठलं. घरात सगळे कोपऱ्यात जाऊन खाजवायचे आणि कोणी कोणाला सांगायचं नाही. नसरीन सहज चहाला आली होती. बोलता बोलता माझा हात कमरेकडे गेला आणि तिनं कप खाली ठेवला. "दाखव." मग ट्यूब बघितली आणि केवढ्यानं ओरडली! "अगं, यात स्टिरॉइड आहे. खाज गप्प बसते आणि बुरशी आत मजेत वाढते. कोणाला विचारून लावलंस?" त्याच दिवशी तिनं सगळ्या घराला ओळीनं उभं केलं. औषध कित्येक आठवडे चालेल, डाग गेला म्हणून मध्येच सोडायचं नाही. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा, कपडे उन्हात उलटे करून वाळवायचे, अंग पुसून कोरडं झाल्याशिवाय कपडा चढवायचा नाही. सासूबाई तेवढ्या देवघरापुढून हलेनात. "मला काही झालेलं नाही. ही घाणेरडी दुखणी आमच्यात नव्हती." नसरीन त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली. "मावशी, ही बुरशी घाणेरडी नाही, नुसती लोचट आहे. मलाही झाली होती, माझ्या सासूबाईंच्या टॉवेलवरून. त्यांना अजून सांगितलं नाही." सासूबाई हसल्या आणि मग काखेतला चट्टा दाखवला... त्यांचाच सगळ्यात जुना होता.

पण तिच्या चिडण्यामागे काय होतं, ते मला जानीच्या लेकीमुळे कळलं. आम्हाला एका लग्नाला जायचं होतं. नसरीन नवी साडी नेसून दवाखान्याला कुलूप लावत होती, तेवढ्यात अकलोलीजवळच्या पाड्यावरची एक बाई पोरीला कडेवर घेऊन आली. ही जानी. वडप्याला गोडाऊनमध्ये मजुरीला जायची. पोरीच्या बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर खरूज, खाजवून खाजवून पिकलेली. "गरम पान्याच्या कुंडात न्हाऊ घातली, बाई. फरक न्हाय," जानी म्हणाली. नसरीननं पोरीच्या फोडांकडे पाहिलंच नाही. ती तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. डोळ्यांखाली सूज होती.

"लघवी कशी होते हिला?"

"थोडीशीच. चहावानी लाल."

नसरीननं कुलूप माझ्या हातात दिलं. खरूज पिकून तो जंतू आत शिरला की कधी कधी किडनी सुजते, हे तिनं मला गाडीत सांगितलं, तेही जानीला कळू नये म्हणून हळू आवाजात. तरी जानीला कळलंच. "पोर मरंल का, बाई?" नसरीन खोटं बोलली नाही. "आत्ता पोचलो तर नाही मरणार." सरकारी हॉस्पिटलात पोरीला दाखल करून घेईपर्यंत ती काउंटरपाशी उभी राहून भांडत होती. पोर वाचली. लग्न चुकलं.

लगेचच्या रविवारी ती मला घेऊन पाड्यावर गेली. घरोघरी सांगत सुटली, रात्री मानेपासून तळव्यापर्यंत औषध लावायचं, सकाळी अंघोळ, अंथरूण-पांघरूण गरम पाण्यातून काढून उन्हात टाकायचं, आठवड्यानं पुन्हा एकदा तसंच. जानीचा सासरा ऐकेना. "मला खाज न्हाय, मी कशाला लावू?" नसरीन म्हणाली, "बाबा, तुमची नात कोणाजवळ निजते?" म्हाताऱ्यानं हात पुढे केला. बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ होतं. त्यानं आपल्या हाताकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं आणि बाटली घेतली.

तिला स्वतःला मधुमेह होता, बरीच वर्षं. या पावसाळ्यात ती जरा लंगडायला लागली. मी विचारलं तर "चप्पल चावली" म्हणून उडवून लावलं. तिच्या चिखल्या चिघळल्या होत्या. साखरेमुळे पायाला दुखणं जाणवत नव्हतं, आणि थांबून बघायला तिला वेळ नव्हता. ताप भरला तेव्हा लाली गुडघ्यापर्यंत चढलेली. हॉस्पिटलात मी भेटले तेव्हा ती अर्धवट ग्लानीत होती. चादर बदलणाऱ्या मावशींचा हात धरून मला म्हणाली, "सुलभा, हिच्या नखांकडे बघ. घरी कोणाकोणाला आहे विचार." हेच तिचं शेवटचं बोलणं. त्या मावशींना मी काहीच विचारू शकले नाही.

तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर त्यांच्या घरी गेले. दवाखाना बंद, मागे लूम चालू. इक्बालभाई उठून पाणी आणायला आत गेले, तर फरशीवर पाऊल जपून टाकत होते. त्यांनाही साखर आहे.

"भाई, पाय दाखवा."

"काही नाही हो, सुलभाताई..."

"दाखवा."

ते खिडकीजवळच्या पलंगावर बसले. "रोज संध्याकाळी इथेच बसवायची मला. बोट न् बोट टॉर्च मारून बघायची. ती गेल्यापासून..."

"आणि तिचे पाय कोण बघायचं?"

त्यांनी पाय पुढे केला. "दाखव म्हणालो की म्हणायची, माझे मी बघते."

सबा कोरडा टॉवेल घेऊन आली आणि वडिलांपुढे फरशीवर बसली. करंगळीच्या बेचक्यात कातडी पांढरी पडली होती, फुगलेली. चीर मात्र अजून गेली नव्हती. आम्ही तिघांनीही वाकून खात्री करून घेतली. तिथून डॉक्टरकडेच जायचं, हे कोणी बोललं नाही तरी ठरलं होतं. सबा एकेक बोट अलगद बाजूला करून पुसत होती. मी मोबाईलचा उजेड धरला होता आणि तो पायावर ठरत नव्हता.

"मावशी," सबा मान वर न करता म्हणाली, "नीट धर ना."