पुण्याचं फ्रीव्हील आणि फ्रेंच चाक

आई गेल्यावर, दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात, मी बाबांना इंग्लंडला, स्लाऊमध्ये माझ्याकडे घेऊन आले. त्यांच्या बॅगेत चार शर्ट, भाकरवडी आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं सायकलचं नवंकोरं फ्रीव्हील होतं. स्टेशनला जायच्या माझ्या जुन्या सायकलचं मागचं दातेरी चक्र, म्हणजे फ्रीव्हील, नुसतंच गरगरतं, चाक ढिम्म हलत नाही, असं मी फोनवर कधीतरी बोलले होते.

"अहो बाबा, इथे मिळतं ते."

"असू दे. आपल्याकडे आटे इंग्रजांचेच. त्यांच्याच देशात बसणार नाहीत होय?"

घरात मात्र बाबा पाहुण्यासारखे वागायचे. किटली लावू का? खिडकी उघडू का? जन्मभर आमच्यावर डाफरलेला माणूस! माझा जीव तुटायचा आणि डोकंही फिरायचं. "विचारता काय सारखं?" म्हणून मी ओरडले की ते पेपर उघडून बसायचे. फ्रीव्हीलचा विषय निघाला तरच तरतरी यायची. एवढं एक काम त्यांच्या हातून व्हावं, असं मला मनापासून वाटत होतं.

शनिवारी घरामागच्या गार्डनमध्ये जुनं फ्रीव्हील काढून नवं लावलं. दीड फेरा गेलं आणि अडकलं. बाबांनी पाना उचलला.

"थांबा! आटे जातील!" मी किंचाळलेच. सायकल फ्रेंच आहे हे फ्रेमवर लिहिलेलं होतं; चाकाच्या मधल्या हबचे आटेही फ्रेंच, किंचित बारीक असणार, हे आत्ता डोक्यात शिरत होतं. पान्यानं जोर लावला असता तर चाकच बाद. बाबांनी फ्रीव्हील पुसलं, पुन्हा कागदात गुंडाळलं.

"इथलंच घे मग," ते म्हणाले. "चहा करू का?"

मला ते काही सहन होईना. रविवारी मी त्यांना बूट सेलला नेलं. मैदानात गाड्यांच्या डिक्या उघडून लोक जुनंपानं विकतात, तिथे. म्हटलं, आता फ्रीव्हीललाच चाक शोधू. आमच्या मापाचं, हबवर चक्र नसलेलं चाक दिसलं की बाबा खिशातून फ्रीव्हील काढायचे आणि बोटांनी हलकेच फिरवून बघायचे. एकावर अडकलं. एकावर नुसतंच डगडगलं.

"स्थळं बघत हिंडतोय आपण," मी म्हटलं.

"तुझ्या वेळी एवढा त्रास नव्हता."

मी दचकून पाहिलं. आई गेल्यापासून त्यांनी एक टोमणा मारला नव्हता.

शेवटी कुंड्या विकणाऱ्या एका आजींच्या टेबलाखाली गंजकं चाक सापडलं. फ्रीव्हील एक फेरा गेलं, दुसरा, तिसरा... पाना नाही, जोर नाही, थेट बुडाशी जाऊन टेकलं. बाबांनी ते उलटं फिरवलं. टिकटिकटिक. माझे डोळे भरून आले.

घरी आल्या आल्या त्यांनी टायर चढवला, चाक लावलं, चेन हातात घेतली. मी बघत उभी.

"अगं, बघत काय राहिलीस बावळटासारखी?" बाबा खेकसले. "हँडल धर नीट! आणि चहा टाक!"

"बाबा," मी विचारलं, "आधी हँडल धरू का चहा टाकू?"